टाकळ्याचा पाला, कडुनिंबाचं पाणी आणि मेडिकलमधली ट्यूब

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की वस्तीत दोन गोष्टी बरोबरीनं उगवतात. रुळाकडेला, नाल्याच्या काठाला, पडीक जागेत टाकळा उगवतो, आणि माणसांच्या जांघेत, कमरेला, काखेत नायटा. टाकळ्याला विदर्भात तरोटा म्हणतात. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आपल्या आज्यांनी आपल्याला खाऊ घातली आहे. शेंगा वाळल्या की त्याचं बी आंबट ताकात वाटून नायट्यावर लावलेलंही पुष्कळांना आठवत असेल. जुन्या वैद्यकात या झाडाचं एक नावच ‘दद्रुघ्न’ आहे. दद्रु म्हणजे नायटा आणि दद्रुघ्न म्हणजे त्याचा नाश करणारा.

म्हणून दर पावसाळ्यात या पानाकडे तोच प्रश्न येतो. टाकळ्यानं नायटा जातो का? कडुनिंबाच्या पाण्यानं खरूज जाते का? आणि या प्रश्नाला आपल्यातच दोन तयार उत्तरं मिळतात. शिकलेला भाऊ म्हणतो, झाडपाला म्हणजे सगळं थोतांड, टाका ते. बाजूच्या गल्लीतला जडीबुटीवाला म्हणतो, नैसर्गिक आहे, रामबाण आहे, अपाय काहीच नाही. आमचं म्हणणं असं की दोघांनीही विचार करायचे कष्ट वाचवले आहेत. आणि त्या दोघांच्या वादात तिसराच एक जण आपल्या कातडीचं नुकसान करून मोकळा होतो आहे. त्याच्याबद्दल पुढं सविस्तर बोलू.

आधी झाडपाल्याकडे बघायची आपली रीत काय असावी, ते पाहू. त्यासाठी दुसरीकडे जायची गरज नाही. विनयपिटकातल्या महावग्गात औषधांवर एक अख्खा विभाग आहे, भेसज्जक्खंधक. त्यात एक प्रसंग आहे. आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना खरजेसारखा त्वचारोग झाला होता. अंगातून लस वाहायची आणि चीवर अंगाला चिकटून बसायचं. भिक्खू पाणी लावून लावून ते कापड भिजवत आणि हळूहळू सोडवत. तथागत निवासस्थानं बघत फिरत असताना त्यांनी हे पाहिलं, विचारपूस केली, आणि ज्यांना खाज, फोड, वाहणारी जखम किंवा खरूज आहे त्यांनी अंगाला औषधी चूर्ण वापरावं अशी मुभा दिली. त्याच विभागात औषध म्हणून चालणारी मुळं, काढे आणि पानं यांच्या याद्या आहेत. मुळांत हळद आहे. काढ्यांत निंब आहे आणि नत्तमाल, म्हणजे आपला करंज आहे. पानांत पुन्हा निंब आहे, तुळस आहे.

या प्रसंगात कुणी कुठल्या शक्तीला शरण गेलेलं नाही. रोग्याच्या मागच्या जन्मातलं पाप काढलेलं नाही. ‘तुझी कातडी अशी, तू दूर बस’ असं म्हटलेलं नाही. रोग डोळ्यांनी पाहिला, त्रास कशाचा आहे ते विचारलं आणि त्या काळी हाताशी जे होतं त्यातलं उपयोगी पडेल ते दिलं. कालामांना जे सांगितलं तेच इथं प्रत्यक्षात दिसतं. परंपरेनं चालत आलंय, ग्रंथात आहे, मोठ्या माणसानं सांगितलंय, एवढ्यावर मान्य करू नका. अनुभवाला लावून बघा, हिताचं निघालं तर घ्या. हा नियम टाकळ्यालाही लागू आहे आणि मेडिकलमधल्या ट्यूबलाही.

१९५६ नंतर आपल्या घरांनी देवीच्या नावानं दारावर कडुनिंबाचे डहाळे टांगणं सोडलं. ते योग्यच झालं. देवीचा रोग डहाळ्यांनी गेला नाही, लशीनं गेला. भारतातला शेवटचा रोगी १९७५ सालचा. आजही कुठे पोराला कांजिण्या आल्या की ‘माता आली’ म्हणून पाला टांगतात, अंघोळ बंद करतात आणि डॉक्टरकडे न्यायचं टाळतात. आपल्या घरांत हे होत असेल तर ते थांबवलं पाहिजे. पण देवी सोडताना कडुनिंबही सोडला पाहिजे असं काही नव्हतं. पाला वेगळा, पाल्यावर बसवलेली देवी वेगळी. आमच्या मते आपल्या काही सुशिक्षित घरांत या दोन गोष्टींची सरमिसळ झाली, आणि जडीबुटीवाल्यांच्या घरांत ती अजून सुटलेलीच नाही.

आता टाकळ्याकडे वळू. टाकळ्याच्या बियांत क्रायसोफॅनॉल, इमोडिन, ऱ्हीन अशी काही द्रव्यं असतात, आणि प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या बुरशीवर त्यांतल्या काहींचा परिणाम दिसलेला आहे. म्हणजे आजीचं म्हणणं हवेतलं नव्हतं. याला एक जुना पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यातलाही आहे. एकोणिसाव्या शतकात नायट्यावर ‘गोवा पावडर’ नावाची पिवळट भुकटी प्रसिद्ध होती. तिचं नाव गोव्याचं, पण ती ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातून निघायची आणि पोर्तुगीजांच्या व्यापारातून इकडे यायची. तिच्यातलं मुख्य द्रव्य टाकळ्यातल्या द्रव्यांचं अगदी जवळचं नातलग होतं. नायटा तिनं कमी व्हायचा, पण कातडी लाल होऊन सोलायची, कपड्यांवर न जाणारे डाग पडायचे आणि डोळ्यात गेली तर डोळे सुजायचे. पुढं कमी त्रासाची औषधं आली तशी ती मागे पडली. झाडातून येतं म्हणून सौम्य असतं, हा समज किती कच्चा आहे ते एवढ्यावरूनही कळावं.

मग टाकळ्यानं नायटा जातो का? छोटा, नवा, एकच चट्टा असेल तर काहींना आराम पडतो, खाज कमी होते. पण बशीतली बुरशी आणि माणसाच्या अंगावरची बुरशी यांत फरक आहे. बशीत बुरशी उघडी असते आणि द्रव्याचं प्रमाण मोजलेलं असतं. अंगावर ती कातडीच्या वरच्या कठीण थरात घर करून असते, केसांच्या मुळांशी उतरते, नखांत शिरते. आपण वाटलेल्या लेपात द्रव्य किती आलं ते कुणालाच सांगता येत नाही. एका झाडाचं बी जून असतं, दुसऱ्याचं कोवळं. लेप वाळतो, झडतो, घामानं वाहून जातो. खाज थांबली की आपण लावायचं बंद करतो, आणि आतली उरलेली बुरशी महिन्याभरात पुन्हा वर्तुळ काढते.

शिवाय नायटाही आजीच्या काळातला राहिलेला नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांना नायटा बदललेला दिसतो आहे. पूर्वी दोन-तीन आठवडे साधं मलम लावलं की जाणारा रोग आता महिनोन्‌महिने टिकतो, सगळ्या अंगावर पसरतो, चेहऱ्यावर चढतो, घरातल्या सगळ्यांना धरतो. या बुरशीची एक जात २०२० साली जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांच्या नमुन्यांवरून वेगळी ओळखली आणि तिचं नाव ठेवलं ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. भारताचंच नाव तिच्यात आहे. टर्बिनाफिन नावाच्या नेहमीच्या गोळीला ती बऱ्याचदा दाद देत नाही. आता ती जगभर अनेक देशांत सापडते आहे.

ती एवढी का माजली? कारणं अनेक आहेत: दमट हवा, गर्दीची घरं, घट्ट आणि न सुकणारे कपडे. पण तज्ज्ञ मंडळी ज्या एका कारणाकडे पुन्हा पुन्हा बोट दाखवतात, ते म्हणजे वर सांगितलेला तो तिसरा गृहस्थ. मेडिकलच्या काउंटरवर चिठ्ठीशिवाय मिळणारी, बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टेरॉइड असं तिन्ही कालवलेली ट्यूब.

वस्तीत ही ट्यूब कशी येते ते आम्ही वर्षानुवर्षं बघतो आहोत. माणूस कामावरून परतताना दुकानाशी थांबतो. जांघेतला चट्टा काउंटरवर दाखवायचा नसतो, म्हणून नुसतं हळूच म्हणतो, ‘खाज येते.’ दुकानदार न बघताच ट्यूब काढून देतो. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. माणूस खूश होतो आणि ट्यूबचं नाव चार जणांना सांगतो. बहिणीला देतो, शेजाऱ्याला देतो. पण ही जादू बुरशीच्या औषधाची नसते, ती स्टेरॉइडची असते. अंगात काही परकं शिरलं की शरीर तिथं लढायला धावतं. लाली, सूज, खाज ही त्या लढाईचीच खूण. स्टेरॉइड ती लढाई बंद पाडतं. पहारेकऱ्याला झोपेची गोळी दिल्यासारखं होतं. आरडाओरड थांबते आणि चोर घरभर फिरतो. ट्यूब बंद केली की चट्टा दुप्पट होऊन उठतो, म्हणून माणूस पुन्हा ट्यूब घेतो. असं वर्षभर चाललं की जांघेतली, काखेतली कातडी कागदासारखी पातळ होते आणि तिच्यावर बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा लाल-पांढऱ्या रेघा उमटतात. त्या रेघा पुढं नायटा गेला तरी जात नाहीत. विशी-पंचविशीतल्या मुलांच्या मांडीवर अशा रेघा आम्ही पाहिल्या आहेत. काही मुली हीच ट्यूब गोरं व्हायला तोंडाला लावतात. त्यांच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या आणि लव येते, उन्हात गेलं की गाल भाजल्यासारखे लाल होतात. गोरेपणाच्या या वेडाबद्दल आमच्या मनात बरंच आहे, पण त्याला स्वतंत्र लेख लागेल.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चौदा प्रकारची स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. नियम चांगला आहे. पण आपल्या नाक्यावर तो किती पाळला जातो ते तुम्हीच बघा.

म्हणून आमचं स्पष्ट मत आहे. नायट्याच्या बाबतीत आपल्या आजीचा टाकळा आणि काउंटरवरची ट्यूब यांत निवड करायची वेळ आली, तर टाकळ्यानं नुकसान कमी होतं. पण निवड या दोघांत नाहीच. बुरशीला बुरशीचंच औषध पाहिजे, ते पुरेसे दिवस पाहिजे आणि घरातल्या सगळ्या बाधितांना एकाच वेळी पाहिजे. डॉक्टर तपासून मलम देतात, गरज असेल तर पोटात गोळ्या देतात. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं, कारण बुरशी कडेनं पुढं सरकत असते. खाज चार दिवसांत थांबली तरी औषध थांबवायचं नाही. पूर्ण कातडी साफ दिसल्यावरही साधारण दोन आठवडे लावायचं असतं. सगळं मिळून महिना-दीड महिना जातो, कधी त्याहून जास्त. डोक्यातला नायटा मुलांना होतो, केसांचे पुंजके गळतात. तो नुसत्या मलमानं जात नाही, पोटातूनच औषध लागतं. गरोदर बाईनं, यकृताचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यानं दुसऱ्याच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या कधीच घेऊ नयेत.

आता स्वच्छतेचा भाग. इथं आम्हाला थोडं कडू बोलायचं आहे. सरकारी पत्रकात लिहिलेलं असतं की रोज अंघोळ करा, कपडे गरम पाण्यात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा. ज्या गल्लीत नळाला अर्धा तास पाणी येतं, जिथं एका मोरीत सहा माणसं उरकतात, तिथं हे वाचून माणसाला वाटतं की रोग आपल्या घाणीमुळे झाला. ‘तुम्ही घाणेरडे म्हणून तुम्हाला खरूज’ हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलं, आणि ऐकवणारे तेच होते ज्यांनी तळ्यावर पाय ठेवू दिला नाही. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा प्रश्न माणुसकीच्या हक्काचा होता. पाणी हा त्या हक्काचाच भाग आहे, आणि आरोग्याचा प्रश्नही तिथूनच सुरू होतो. वस्तीला पुरेसं पाणी मागणं हा त्वचारोगावरचा इलाजच आहे, आणि नगरसेवकाकडे तो त्याच शब्दांत मागितला पाहिजे.

तोवर आहे त्या पाण्यात काय जमेल ते बघू. सगळ्या घराला एक टॉवेल असेल तर तो फाडून चार तुकडे करा. प्रत्येकाचा तुकडा वेगळा. ओले कपडे अंगावर वाळवू नका. आतले कपडे दोरीवर उलटे करून कडक उन्हात टाका, पावसाळ्यात शिवणींवर इस्त्री फिरवा. जांघ आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसूनच कपडा आणि चप्पल घाला. गमबूट घालून सफाईचं काम करणाऱ्या आपल्या भावा-बहिणींच्या पायांना चिखल्या होतात. त्यांनी बूट रोज उलटे करून वाळवावेत, आणि बुटांची दुसरी जोडी व मोजे मालकाकडे किंवा ठेकेदाराकडे हक्कानं मागावेत.

खरजेची गोष्ट नायट्याहून वेगळी आहे. तिथं बुरशी नसते, डोळ्यांना न दिसणारा किडा कातडीत बोगदे काढतो. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक फोड येतात. खरजेवर कडुनिंब आणि हळद यांच्या लेपाचा एक अभ्यास १९९२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आला होता. ८१४ रुग्णांना हा लेप लावला आणि ९७ टक्के लोक तीन ते पंधरा दिवसांत बरे झाले, असं त्यात नोंदलं आहे. आकडा मोठा आहे आणि जडीबुटीवाले तो छातीठोकपणे सांगतात. पण लेप लावलेल्यांच्या बाजूला लेप न लावलेले किंवा नेहमीचं औषध लावलेले लोक ठेवून तुलना केली तरच श्रेय कुणाचं ते ठरतं. त्या अभ्यासात ती तुलना नव्हती. अभ्यास करणाऱ्यांनीही त्याला प्राथमिक पाहणीच म्हटलं होतं. आमच्या दृष्टीनं हा अभ्यास ‘पुढं तपासा’ असं सांगतो, ‘डॉक्टरकडे जाऊ नका’ असं सांगत नाही.

खरजेला आज पर्मेथ्रिनचं मलम आहे. रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, एक बोटभरही जागा सोडायची नाही, सकाळी धुवायचं आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे आठवड्यानं पुन्हा लावायचं. खाज असो-नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं. एकानं सोमवारी, दुसऱ्यानं गुरुवारी लावलं तर किडा घरातल्या घरात फिरत राहतो. अंथरुणं-पांघरुणं धुवायला पाणी नसेल तर ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. इतकी साधी आणि बिनपाण्याची युक्ती कुठल्याही पत्रकात ठळक छापलेली आम्ही पाहिली नाही.

झाडाचं औषध कसं होतं, आणि ते कुणाच्या कष्टानं होतं, याची एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या कोकणात, सह्याद्रीच्या जंगलात कडू कवठ नावाचं झाड आहे. त्याच्या बियांचं तेल आणि त्याच्याच कुळातल्या चौलमुग्र्याचं तेल कुष्ठरोगावर फार पूर्वीपासून वापरलं जायचं. पण ते प्यायलं तर उलट्या व्हायच्या, लावलं तर फारसं आत जात नसे, सुईनं टोचलं तर कातडीखाली चिकट गाठी होऊन बसायच्या. १९१५ च्या सुमारास हवाई बेटांवर ॲलिस बॉल नावाच्या तेवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीनं यावर मार्ग काढला. ती तिथल्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होती. तिनं त्या तेलातले घटक असे वेगळे केले की ते शरीरात टोचता येतील आणि शोषले जातील. पुढची वीस-पंचवीस वर्षं कुष्ठरोगावर तोच सर्वांत चांगला उपचार राहिला. ती मात्र १९१६ च्या शेवटच्या दिवशी, वयाच्या चोविसाव्या वर्षी वारली. महाविद्यालयाच्या प्रमुखानं तिचं काम पुढं चालवलं आणि आपल्या नावावर छापलं, तिचा उल्लेखही न करता. १९२२ मध्ये तिच्या एका सहकारी डॉक्टरनं लिहून तिचं श्रेय मांडलं, पण हवाई विद्यापीठानं तिच्या नावाची पाटी लावली ती २००० साली. पाटी लावली ती चौलमुग्र्याच्या झाडाखाली.

श्रेय कुणाचं आणि नाव कुणाचं, हे आपल्या वाचकांना उलगडून सांगायला नको. पण आम्हाला या गोष्टीत दुसरंही काही दिसतं. झाड तेच होतं, तेल शेकडो वर्षं तेच होतं. त्याला औषधपण आलं ते कुणीतरी प्रयोगशाळेत बसून ते तोललं, वेगळं केलं, तपासलं तेव्हा. आणि १९४० च्या दशकात त्याहून चांगली औषधं आली तेव्हा कडू कवठाचं तेल बाजूला ठेवलं गेलं. कुणी त्याच्यासाठी अश्रू ढाळत बसलं नाही. आज कुष्ठरोगाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घेतल्या की रोग पूर्ण बरा होतो. म्हणून इथंच सांगून ठेवतो: अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, खाजत नसेल आणि तिथं टोचलेलं, गरम-गार लागलेलं कळत नसेल, तर तो नायटा नाही. त्यावर टाकळा, कडुनिंब, ट्यूब काहीही न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथं लवकर गेलेल्याची बोटं आणि डोळे वाचतात.

टाकळ्याचा एक चुलतभाऊ आहे, पिवळ्या मेणबत्त्यांसारखी फुलं येणारा दादमर्दन. फिलिपिन्समध्ये त्याला अकापुल्को म्हणतात. तिथल्या सरकारनं लोकांच्या वापरातली झाडं तपासून घेतली, त्यांतली दहा निवडली, नायट्यासारख्या बुरशीच्या रोगांसाठी या झाडाची शिफारस केली आणि त्याचं लोशन तयार करवलं. आपल्याकडे २०१४ पासून आयुषचं वेगळं मंत्रालय आहे. आमची मागणी एवढीच आहे की टाकळ्याचं गुणगान पुरे, आता या नव्या, हट्टी बुरशीवर टाकळा आणि करंज नीट तुलना करून तपासा. उतरले तर मोजलेल्या प्रमाणात आमच्या दवाखान्यात द्या. नाही उतरले तर तसंही जाहीर सांगा.

तोपर्यंत घरी काय करायचं? कडुनिंबाचा पाला धुऊन उकळा, पाणी गाळून कोमट होऊ द्या, आणि खाजणारं, पण न फुटलेलं अंग त्यानं धुवायला आमची हरकत नाही. धुतल्यावर अंग कोरडं करून डॉक्टरांचं औषध लावा. पाणी औषधाच्या जोडीला असावं, औषधाच्या जागी नाही. टाकळ्याची भाजी आनंदानं खा. पण टाकळा खुडताना कासविंद्याशी गल्लत करू नका. टाकळ्याच्या देठावर पानांच्या साधारण तीन जोड्या असतात आणि पानांची टोकं गोलसर. कासविंद्याच्या जोड्या जास्त आणि टोकं अणकुचीदार. कासविंद्याच्या हिरव्या शेंगांतलं बी खाऊन उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावल्याचं डॉक्टरांनी शोधून काढलं आहे. खेळता खेळता पोरं शेंगा चावतात, लक्ष ठेवा. कडुनिंबाचं तेल लहान मुलाच्या पोटात अजिबात जाऊ देऊ नका. थोड्या तेलानंही बाळाला झटके आलेले आहेत. आणि बिब्बा, रुईचा चीक, ठेचलेला लसूण, रॉकेल, चुना या गोष्टी कातडी भाजतात. नायट्यावर भाजल्याची जखम झाली की तिच्यात पू होतो, आणि मग ताप येऊन दवाखान्यात जायचंच असतं, फक्त जास्त पैसे घेऊन. चट्टा गरम लागून पसरत असेल, पू येत असेल, ताप असेल किंवा रोग्याला मधुमेह असेल तर घरी एक दिवसही थांबू नका.

लाज ही या रोगाची सगळ्यात जवळची मैत्रीण आहे. बाया तर जांघेतला, छातीखालचा नायटा वर्ष-वर्ष कुणाला सांगत नाहीत. महिला मंडळाच्या ताईंनी हा विषय बैठकीत मोकळेपणानं काढावा. दवाखान्यात बाई डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारून ठेवावं आणि दोघी-तिघींनी मिळून जावं. एकटीला जे जड वाटतं ते तिघींना वाटत नाही.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेला येताना प्रत्येकानं घरातली अंगाला लावायची ट्यूब सोबत आणावी, अर्धी वापरलेली, दाबून चपटी झालेली असली तरी. ट्यूबवरची बारीक इंग्रजी अक्षरं कॉलेजातली पोरं वाचून देतील. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, यांतलं एकही नाव दिसलं तर ती स्टेरॉइडची ट्यूब. क्लोट्रिमाझोल, केटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल ही बुरशीच्या औषधांची नावं आहेत. क्लोबेटासोल आणि क्लोट्रिमाझोल ऐकायला सारखीच वाटतात, म्हणून अक्षर-अक्षर लावून वाचा. दोन्ही एकाच ट्यूबवर असतील तर तीही स्टेरॉइडचीच समजा. बरेच महिने लावत असाल तर ती मनानं एकदम बंद करू नका, अंग भडकतं. त्याच आठवड्यात महापालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात जा, ट्यूब सोबत न्या आणि किती महिने लावली ते डॉक्टरांना खरं सांगा.